शेवट गोडच आहे, भांडण कुठलं घ्यायचं?

मागच्या शनिवारी मावसबहिणीने पुस्तकांच्या दुकानातून फोटो पाठवला. काउंटरवर इंग्रजी प्रेमकथांची चार जाडजूड पेपरबॅक, रंगीत चित्रांच्या मुखपृष्ठांची, आणि खाली प्रश्न: "ताई, एकच घेणार आहे. कुठलं घेऊ?" एमिली हेन्रीचं 'बुक लव्हर्स', अ‍ॅली हेझलवूडचं 'द लव्ह हायपोथिसिस', अ‍ॅबी हिमेनेझचं 'जस्ट फॉर द समर' आणि सोनाली देव यांचं 'रेसिपी फॉर पर्सुएजन'. चारही माझी वाचून झालेली. दोन डोंबिवली लोकलमध्ये, एक तापात पडल्या पडल्या, आणि एक बँकेच्या कॅन्टीनमध्ये, डब्याला टेकवून.

तिला लगेच उत्तर देता आलं नाही. "कुठलं चांगलं" हा प्रश्न या पुस्तकांना लागूच पडत नाही. "तुला कुठलं चालेल" असं विचारलं तर बोलता येतं.

रोमान्समध्ये शेवटी काय होणार, हे पहिल्या पानापासून ठाऊक असतं. दोघं एकत्र येणार, तो या प्रकाराचा करारच आहे. चकली गोल होणार हे ठरलेलंच. खुसखुशीत होते की चामट, ते मोहनावर. इथलं मोहन म्हणजे मधला रुसवा. साधारण तीन चतुर्थांश पुस्तक उलटलं की दोघांचं फाटतं. इंग्रजी वाचणाऱ्या पोरी त्याला 'थर्ड अ‍ॅक्ट ब्रेकअप' म्हणतात. त्यासाठी माझी एक साधी परीक्षा आहे: कुणीतरी एक फोन केला असता, तर हे मिटलं असतं का? मिटलं असतं, तर मला फसवल्यासारखं वाटतं. फोन करूनही मिटण्यासारखं नसेल, तर लेखिकेने मेहनत घेतलीय असं मी मानते.

'बुक लव्हर्स' (2022) या परीक्षेत अव्वल. नोरा स्टीफन्स ही न्यूयॉर्कमधली लिटररी एजंट, म्हणजे लेखकाच्या वतीने प्रकाशकाशी घासाघीस करणारी. कामात वाघीण, चालायला भरभर, फोन कायम हातात. सिनेमात नेहमी एक शहरी, करिअरवाली, जरा कडक बाई असते बघा, जिला सोडून नायक गावातल्या गोड मुलीकडे जातो? ती सोडून दिलेली बाई म्हणजे नोरा. तिचे प्रियकर खरोखरच असे एकेक करून छोट्या गावांकडे वळलेत. पुस्तकाच्या सुरुवातीला ती एका जेवणाच्या भेटीला निघालीय आणि वाटेतच तिला नवा नकार फोनवर मिळतो. त्याच मूडमध्ये ती चार्ली लास्ट्रा नावाच्या खडूस संपादकासमोर जाऊन बसते. तो तिच्या लेखिकेचं हस्तलिखित नाकारतो, आणि जेवण विझलेल्या शेगडीसारखं संपतं.

दोन वर्षांनी धाकटी बहीण लिबी हट्टाने तिला ऑगस्ट महिनाभर नॉर्थ कॅरोलायनातल्या सनशाइन फॉल्स नावाच्या गावी घेऊन जाते, आणि तिथे कोण? चार्लीच. मग त्याच लेखिकेच्या नव्या कादंबरीवर दोघांना एकत्र काम करावं लागतं, आणि त्या कादंबरीतली निर्दय एजंट उघड उघड नोरावरून बेतलेली असते. स्वतःबद्दलच्या मजकुरात स्वतःच दुरुस्त्या सुचवणारी नायिका! या भागातले संवाद वाचताना मी ठाण्याला उतरायचं विसरून दादरपर्यंत गेले होते.

दोघांच्या मधे इथे कुणी खलनायक नाही आणि गैरसमजही नाही. चार्लीच्या घरची माणसं आणि घरचं पुस्तकांचं दुकान त्याला गावात धरून ठेवतं, नोराचा जीव शहरात. हजार फोन करा, अंतर तेवढंच राहतं. आईविना बहिणीला वाढवलेल्या मोठ्या बहिणीचा जो एक ताठरपणा असतो, 'मी सांभाळेन सगळं' वाला, तो हेन्रीने इतका नेमका पकडलाय की माझ्या ओळखीच्या तीन-चार थोरल्या लेकींना हे पुस्तक मी नुसतं त्यासाठी दिलं. आणि नोराला शेवटी चुलीपाशी बसवून 'सुधारलेलं' नाही, याबद्दल लेखिकेला माझ्याकडून एक वडापाव.

खोट? चार्ली आणि नोरा दोघंही सतत हजरजबाबी. प्रत्येक वाक्याला टोला. खऱ्या आयुष्यात माणसं मधेमधे "हं" म्हणतात.

आता 'द लव्ह हायपोथिसिस' (2021). बुकटॉकवर, म्हणजे टिकटॉकवरच्या पुस्तकवेड्यांत, हेच सगळ्यात जास्त नाचलं. ऑलिव्ह स्मिथ स्टॅनफर्डमध्ये जीवशास्त्रात पीएचडी करतेय, विषय स्वादुपिंडाचा कर्करोग. आपण जुन्या मित्राला विसरलोय हे मैत्रिणीला पटवण्यासाठी ती रात्री कॉरिडॉरमध्ये समोर आलेल्या पहिल्या पुरुषाचं चुंबन घेते, आणि तो निघतो अ‍ॅडम कार्लसन, विभागातला सगळ्यात तुसडा प्राध्यापक. तो तिचा गाइड नाही, हे लेखिका लगबगीने सांगून टाकते, आणि ते सांगणं गरजेचंही आहे. अ‍ॅडमचा संशोधनाचा पैसा विद्यापीठाने अडवून धरलाय, कारण तो सोडून जाईल अशी शंका. इथे प्रेयसी असली तर तो इथेच रमलाय असं वाटेल. म्हणून खोटंखोटं प्रेम ठरतं. दर बुधवारी दहा मिनिटं कॉफी, लोकांना दिसेल अशी.

हे बुधवार म्हणजे पुस्तकाचा जीव. ती घेते गोडमिट्ट, क्रीमचा डोंगर असलेलं काहीतरी. तो तोंड वाकडं करून बघतो आणि पैसे देतो. बस्स, एवढंच. पण आपल्याकडे कांदेपोह्याच्या कार्यक्रमात "तुम्ही दोघं जरा गच्चीत जाऊन बोला" म्हटल्यावर जी पहिली दहा मिनिटं असतात, अवघडलेली आणि तरी कान टवकारलेली, तसं काहीसं दर आठवड्याला घडत राहतं. प्रत्येक प्रकरणाच्या डोक्यावर एक गमतीदार गृहीतक आहे. हेझलवूड हे टोपणनाव. बाई मूळच्या इटलीच्या, मेंदूविज्ञानाची प्राध्यापकी केलेल्या, त्यामुळे प्रयोगशाळेतली दमणूक, विद्यावेतनाची ओढाताण, परिषदेतल्या भाषणाची धास्ती हे सगळं आतून आलेलं आहे. ही गोष्ट मुळात 'स्टार वॉर्स'मधली रे आणि धिप्पाड कायलो रेन यांच्यावरचं फॅनफिक्शन होती, म्हणजे चाहत्याने आवडत्या पात्रांवर रचलेली गोष्ट. अ‍ॅडम किती उंच, किती रुंद, दारात कसा मावत नाही, हे दर चार पानांनी का येतं, ते त्यावरून कळावं.

रुसव्याच्या परीक्षेत मात्र हे सपशेल नापास. बोस्टनच्या परिषदेत ऑलिव्हवर एक ओंगळ प्रसंग येतो, तो आणणारा माणूस अ‍ॅडमच्या जवळचा, आणि अ‍ॅडमचं नुकसान होईल म्हणून ती त्याच्यापासून ते लपवते. तिची भीती मला पटते. अशा वेळी बायका गप्प बसतात, ते काही लेखिकेने शोधून काढलेलं नाही. पण त्यानंतर किती पानं ती खोटं बोलत राहते! फोनसुद्धा नको, दोघं हॉटेलच्या एकाच खोलीत आहेत, तोंड उघडलं तरी पुरे.

आणि हो, शृंगार. विचारायला सगळ्यांना लाज वाटते, म्हणून सांगून टाकते. या पुस्तकात तो मुख्यतः एकाच लांबलचक प्रकरणात आहे, पण तिथे पडदा अजिबात ओढलेला नाही. 'बुक लव्हर्स'मध्येही तो आहे, मात्र आटोपशीर. गंमत म्हणजे तीच वर्णनं मराठीत असती तर मी पुस्तक पालथं घातलं असतं. इंग्रजी शब्द दुरून येतात, अंगाला चिकटत नाहीत. माझी आत्या डोंबिवलीच्या भाड्याच्या लायब्ररीतून मिल्स अँड बून आणायची, वर खाकी कव्हर घालून. आजी फडके वाचलेली बाई, तिला काय कळायचं ते कळतच होतं. ती फक्त म्हणायची, "अभ्यासाची पुस्तकं तुझी फारच पातळ आहेत गं."

'जस्ट फॉर द समर' (2024) ची कल्पना चौघींत सगळ्यात खट्याळ. जस्टिनला एक शाप आहे: त्याच्याशी जिचं तुटतं, तिला लगेच पुढचाच माणूस आयुष्याचा जोडीदार म्हणून मिळतो. तो हे रेडिटवर लिहितो. एमा नावाची नर्स त्याला कळवते, माझंही अगदी तसंच. मग दोघं ठरवतात, आपणच एकमेकांना थोडे दिवस भेटू, मग वेगळे होऊ, म्हणजे दोघांचीही सोय होईल. एमा फिरती नर्स आहे; काही महिने एका इस्पितळात काम, मग दुसरं शहर. मैत्रिणीला घेऊन ती मिनेसोटात येते आणि तळ्यातल्या एका बेटावर राहते. जस्टिनच्या खिडकीसमोर संडासाच्या जाहिरातीचा अवाढव्य फलक, आणि त्याच्या कुत्र्याचं नाव ब्रॅड. पहिली शंभर पानं असं हसवतात.

मग खाली जमीन सरकते. जस्टिनची आई अफरातफरीच्या गुन्ह्यात तुरुंगात जाणार आहे आणि तीन धाकट्या भावंडांची जबाबदारी त्याच्यावर येते. एमाची आई त्याहून वेगळी: लेकीला वाटेल तेव्हा सोडून जाणारी, वाटेल तेव्हा परत येणारी. पोरीने लहानपण परक्यांच्या घरी काढलंय, म्हणून ती कुठेच सामान पूर्ण उघडत नाही. इथला रुसवा फोनने मिटणारा नाही. जी माणसं सोडून जाण्यातच वाढली, त्यांना थांबायचं कसं हे शिकावंच लागतं. मला तो पटला, रडलेही. फक्त जस्टिन फार चांगला आहे. इतका समंजस, शाळेचे डबे भरणारा, कधी न चिडणारा तरुण मुलगा मला बँकेत पंचवीस वर्षांत भेटलेला नाही. हिमेनेझबाई बेकरीवाल्या, 'कपकेक वॉर्स' ही स्पर्धा जिंकलेल्या. नायकातही साखर थोडी जास्तच पडलीय. शृंगार अगदी कमी. एका मालिकेतलं हे तिसरं पुस्तक आहे, पण सुटं वाचलं तरी अडत नाही.

राहिलं 'रेसिपी फॉर पर्सुएजन' (2020). सोनाली देव मुंबईत वाढल्या, आठव्या वर्षी शेजारच्या दिवाळीच्या कार्यक्रमासाठी नाटुकलं लिहिलं, आता अमेरिकेत असतात. जेन ऑस्टिनच्या चार कादंबऱ्या त्यांनी कॅलिफोर्नियात स्थायिक झालेल्या एका संस्थानिक कुटुंबावर बसवल्यात, आणि त्या कुटुंबाचं आडनाव आहे राजे. हे पुस्तक त्यांतल्या 'पर्सुएजन'वरून. ऑस्टिनच्या गोष्टीत ताटातूट झालेले प्रेमिक आठेक वर्षांनी भेटतात, इथे बारा. आश्ना राजे वडिलांचं बुडत चाललेलं रेस्टॉरंट ओढतेय. वडिलांच्या पाककृती सोडून दुसरं काही करायला गेली की हात कापायला लागतात, श्वास अडकतो. पैशासाठी ती टीव्हीवरच्या स्वयंपाकाच्या स्पर्धेत उतरते, आणि जोडीला येतो रिको सिल्व्हा, नावाजलेला ब्राझिलियन फुटबॉलपटू, तिचं शाळेतलं प्रेम. घरच्यांपुढे ती तेव्हा त्याच्या बाजूने उभी राहिली नव्हती.

खरं सांगायचं तर रिको मला आठवतही नाही. आठवते ती आश्नाची आई शोबी. मनाविरुद्ध लग्न लावून दिलेली, नंतर नवऱ्याला आणि लेकीला सोडून भारतात बायकांसाठी काम करणारी, जगात नावाजलेली आणि लेकीच्या लेखी गैरहजर. दोघींची भांडणं वाचताना आपल्याच घरातला कुठलातरी गणपतीतला तमाशा ऐकतोय असं वाटतं: विषय भलताच, राग वीस वर्षांपूर्वीचा. रुसवा इथे गोष्टीच्या आधीच होऊन गेलाय, आपण बघतो तो समेट. गाडी मात्र हळू निघते. चुलत भावंडं, काका, काकू, आधीच्या पुस्तकातल्या ओळखी. पहिली ऐंशी पानं लग्नाच्या हॉलमध्ये कुणाला नमस्कार करायचा राहिला का, असं होतं.

तर बहिणीला मी लिहिलं: पहिल्यांदाच वाचत असशील तर 'बुक लव्हर्स'. आईशी सध्या वाजत असेल तर सोनाली देव, पण धीर धरून. रडायची तयारी असेल तर हिमेनेझ. 'लव्ह हायपोथिसिस' इंग्रजीच्या दृष्टीने सगळ्यात सोपं, दोन बैठकांत संपेल, पण शेवटच्या भागात तू चिडशील, मला माहीत आहे.

तिने 'लव्ह हायपोथिसिस' घेतलं. ती नागपूरला फार्मसीत पीएचडी करतेय, गाइड दोन महिने मेलला उत्तर देत नाहीये, आणि मुखपृष्ठावर पांढरा कोट दिसल्यावर तिने माझा मेसेज पुढे वाचलाच नसावा.

काल रात्री दीड वाजता फोन थरथरला. "ताई, ही बाई त्याला सांगत का नाहीये??"

मी लिहिलं, "अजून बरीच पानं आहेत. झोप आता."