फास्टएफवन: हंगामभराच्या वापरानंतर, आणि ती फरकाची रेषा

फॉर्म्युला वनचे आलेख पाहण्यासाठी ज्या संकेतस्थळाला मी वार्षिक शुल्क देत होतो, त्याने शुल्क वाढवले आणि मला न विचारताच वाढीव रक्कम कार्डावरून वळती करून घेतली. तक्रारीच्या प्रत्येक ईमेलला तेच ठरावीक उत्तर येत राहिले. पैसे अखेर परत मिळाले ते बँकेकडे अर्ज केल्यावर. चालकांच्या कामगिरीचे आलेख आता आपले आपणच काढायचे, एक रुपयाही न देता, असे त्या संतापात ठरवून मी फास्टएफवन या ओपन सोर्स पायथन लायब्ररीकडे वळलो. मधल्या काळात हंगाम सरत आला आहे आणि माझी बरीच मते बदलली आहेत.

ती बसवून घेणे, सत्र (सराव, पात्रता फेरी किंवा शर्यत) लोड करणे वगैरे प्राथमिक गोष्टींत मी शिरत नाही. एवढेच सांगतो की कोणतेही सत्र पहिल्यांदा उघडताना बराच डेटा उतरवला जातो, पुढच्या वेळी तो कॅशेमधून, म्हणजे संगणकावर साठवलेल्या प्रतीतून, येतो. त्यामुळे मोबाइलच्या हॉटस्पॉटवर पहिले लोड करू नये आणि डिस्क भरली म्हणून कॅशेचे फोल्डर उडवूनही टाकू नये.

मला खरे बोलायचे आहे ते फरकाच्या रेषेबद्दल. दोन चालकांच्या वेगाच्या आलेखाखाली, लॅपच्या, म्हणजे ट्रॅकच्या एका फेरीच्या, कोणत्या बिंदूवर कोण किती पुढे होता हे दाखवणारी जी रेषा सगळेच काढतात, तीच ही. समाजमाध्यमांवर पात्रता फेरी संपताच या रेषेच्या जोरावर "अमुक वळणावर 0.06 सेकंद गमावले" असे निकाल दिले जातात. मीही ती काढू लागलो आणि पडताळणीसाठी मॉन्ट्रियलची 2024 ची पात्रता फेरी निवडली. तिथे जॉर्ज रसेल आणि मॅक्स व्हर्स्टॅपेन या दोघांचीही सर्वोत्तम लॅप 1:12.000 अशी, हजाराव्या भागापर्यंत तंतोतंत सारखी होती. रसेलने ती वेळ आधी नोंदवली म्हणून पोल, म्हणजे शर्यतीत सर्वांत पुढून सुरुवात करण्याची जागा, त्याची. दोघांची वेळ सारखी असेल तर फरकाची रेषा अंतिम रेषेवर शून्यावर येऊन थांबायलाच हवी. माझ्या आलेखात ती शून्यावर थांबत नव्हती. जिचे शेवटचे टोकच चुकते, तिच्या मधल्या चढउतारांवर विश्वास कशाच्या आधारावर ठेवायचा?

कारण शोधले तेव्हा गोष्ट साधी निघाली. सार्वजनिक टेलिमेट्रीत, म्हणजे धावत्या गाडीतून येणाऱ्या नोंदींत, गाडीचा वेग साधारण दर 0.24 सेकंदाला एकदा मिळतो. ताशी 300 किलोमीटर वेगाने धावणारी गाडी तेवढ्या वेळात 20 मीटर पुढे गेलेली असते. लॅपमधले अंतर मोजलेले नसते. या विरळ वेगांची बेरीज करत ते काढले जाते, आणि प्रत्येक नमुन्यातली किंचित चूक पुढच्या बेरजेत साठत जाते. म्हणून एकाच ट्रॅकवरच्या दोन लॅपची लांबी वेगवेगळी येते, आणि आलेख मात्र "त्याच अंतरावर" तुलना केल्याचा आव आणतो. लायब्ररीच्या दस्तऐवजातच हे गणित फारसे अचूक नसल्याचा इशारा दिलेला आहे, ही लेखकांची प्रामाणिकता. पण आलेख उचलून पुढे पाठवणाऱ्यांपैकी तो इशारा किती जण वाचत असतील, हा प्रश्नच आहे.

यावर सुचवला जाणारा उपाय म्हणजे दोन्ही लॅपची लांबी ताणून किंवा आकसून सारखी करणे. तसे केले की रेषा शून्यावर टेकते, डोळ्यांना बरे वाटते, पण चूक नाहीशी होत नाही. ती लॅपभर पसरते आणि दिसेनाशी होते. माझ्या दृष्टीने हे अधिक वाईट आहे, कारण आधीचा आलेख निदान स्वतःचा खोटेपणा उघड करत होता. नमुन्यांच्या तक्त्यात "सोर्स" नावाचा एक स्तंभ असतो आणि कोणता आकडा प्रत्यक्ष आलेला, कोणता दोन आकड्यांमधून अंदाजाने भरलेला, हे त्यातून कळते. तो स्तंभ मी आता सर्वांत आधी पाहतो आणि वेगाची तुलना करायची असल्यास गाडीचा आणि तिच्या जागेचा डेटा जोडून केलेल्या टेलिमेट्रीऐवजी गाडीचा मूळ डेटाच घेतो.

याउलट लॅपचे जे तीन भाग केलेले असतात, त्या सेक्टरच्या वेळा खरोखर मोजलेल्या असतात. मोनाकोच्या 2023 च्या पात्रता फेरीचे उदाहरण घ्यावे. व्हर्स्टॅपेनची वेळ 1:11.365, फर्नांडो अलोन्सोची 1:11.449, म्हणजे फरक 0.084 सेकंदाचा. पहिल्या दोन सेक्टरनंतर व्हर्स्टॅपेन मागे होता आणि रास्कास हे वळण ज्या सेक्टरमध्ये येते त्या शेवटच्या तुकड्यात, भिंतींना घासत, त्याने पारडे फिरवले. ही सगळी कथा तीन ठिपक्यांत मावते. फरकाची रेषा त्या ठिपक्यांच्या मधली जागा नक्षीने भरते आणि पाहणाऱ्याला वाटते की आपल्याला अधिक कळले.

ब्रेकच्या बाबतीत मात्र माझे मत बदलले. तिथे दाबाचा आकडा मिळत नाही, केवळ ब्रेक लागला की नाही एवढेच कळते, म्हणून सुरुवातीला मी तो स्तंभ निरुपयोगी ठरवला होता. पुढे लक्षात आले की ब्रेक किती जोरात लागला हे वेगाच्या आलेखाच्या उतारावरून पुरेसे दिसते, आणि थ्रॉटलचा (अ‍ॅक्सिलरेटरचा) आकडा टक्क्यांत असल्याने वळणाबाहेर पडताना चालक पाय किती आत्मविश्वासाने खाली नेतो हेही दिसते. अट एकच: एका लॅपवरून बोलायचे नाही. एकाच चालकाच्या पाच-सहा वेगवान लॅप एकावर एक ठेवल्या की त्याच्या सवयी आपोआप वर येतात, आणि 20 मीटरची ती अनिश्चितता कुठे आड येते हेही कळते.

पण ज्यासाठी ही लायब्ररी मी कधीही सोडणार नाही, ते काम टेलिमेट्रीचे नाहीच. शर्यतीतल्या प्रत्येक लॅपची वेळ, टायरचा प्रकार, टायरचे वय, स्टिंटचा (टायरच्या एका संचावरच्या सलग लॅपचा) क्रमांक आणि ट्रॅकची स्थिती एकाच तक्त्यात मिळते, आणि त्यातून काढलेला साधा ठिपक्यांचा आलेख सर्वांत बोलका ठरतो. मॉन्झाची 2024 ची शर्यत काढून पाहावी. शार्ल लेक्लेर 15 व्या लॅपला एकदाच टायर बदलायला पिटमध्ये आला आणि उरलेल्या 38 लॅप त्याने हार्ड, म्हणजे सर्वांत कडक प्रकारच्या, टायरवर काढल्या. ऑस्कर पियास्त्री दोनदा थांबला आणि 2.664 सेकंदांनी हरला. एक थांबा जास्त घेऊनही अंतर एवढेच राहिले, म्हणजे पिटबाहेरच्या लॅप एकूण पियास्त्रीच्याच वेगवान होत्या. त्यामुळे नुसत्या लॅपवेळांचा बॉक्स प्लॉट (वेळांचा मध्य आणि पसारा चौकटीत दाखवणारा आलेख) काढला तर हरलेला चालकच वेगवान दिसतो. आडव्या अक्षावर टायरचे वय घेतले की चित्र उलगडते: टायर झिजत जाण्याने वेळ वाढायला हवी, इंधन जळून गाडी हलकी होत जाण्याने ती कमी व्हायला हवी, आणि लेक्लेरच्या ठिपक्यांची ओळ या दोन्हींच्या ओढाताणीत फारशी वर चढत नाही. शर्यत त्या न चढलेल्या ओळीने जिंकली. शुल्क घेणाऱ्या त्या संकेतस्थळावर बॉक्स प्लॉट होता, टायरच्या वयाचा आलेख नव्हता, हे नमूद केल्याशिवाय राहवत नाही.

रंगांबद्दल एक तक्रार आणि तिचे निराकरण. संघाच्या रंगात रेषा काढल्या की एकाच संघाचे दोन्ही चालक एकाच रंगाचे होतात आणि मॅक्लारेनच्या जोडीत नॉरिस कोण, पियास्त्री कोण हे ओळखता येत नाही. नव्या आवृत्त्यांमध्ये एकाला सलग व दुसऱ्याला तुटक रेषा देण्याची सोय आहे, ती वापरावी. हार्ड टायरचा रंग जवळजवळ पांढरा असल्याने गडद पार्श्वभूमीवर सगळे ठीक दिसते, पण पांढऱ्या कागदावर छापले की लेक्लेरच्या त्या 38 लॅप चक्क गायब होतात. मी ठिपक्यांना काळी कडा देतो.

मर्यादाही आहेत. टेलिमेट्री 2018 पासूनचीच मिळते, त्यामुळे 2011 ते 2013 या काळात ग्रेटर नोएडाच्या बुद्ध सर्किटवर झालेल्या तीन शर्यतींच्या, म्हणजे तिन्ही वेळच्या सेबॅस्टियन वेटेलच्या विजयांच्या, लॅपवेळा मिळतात, पण वेगाचे आलेख काढता येत नाहीत. जुन्या निकालांसाठी ज्या एर्गास्ट सेवेवर सगळे विसंबून होते, ती 2024 च्या हंगामानंतर थांबली. तिची जागा स्वयंसेवकांनी चालवलेल्या जोल्पिकाने घेतली, म्हणून जुने कोड उघडताना लायब्ररी आधी अद्ययावत करावी. फॉर्म्युला टूचा, म्हणजे फॉर्म्युला वनच्या लगेच खालच्या मालिकेचा, डेटा इथे नसल्याने मुंबईच्या जेहान दारूवालाचे त्या मालिकेतले हंगाम अशा रीतीने तपासण्याची माझी इच्छा तशीच राहिली आहे. फरकाची रेषा मी अजूनही काढतो, पण फिकट राखाडी रंगात, आणि तिच्यावर सेक्टरच्या मोजलेल्या वेळांचे तीन ठळक ठिपके देऊन. रेषा त्या ठिपक्यांतून जात नसेल तर तो आलेख मी कोणालाही पाठवत नाही.