आल्टरचा ढीग: शेवटच्या टेबलावर पकडायचा की मशीनवरच?

मुंबईत साकीनाक्याच्या गाळ्यात वीस-पंचवीस मशीनवर शर्टचं जॉबवर्क चालतं आणि आल्टरचे, म्हणजे चूक निघाल्याने उसवून पुन्हा शिवायचे, पीस साचत जातात. मालकापुढे दोन वाटा असतात. फिनिशिंगला, म्हणजे शेवटच्या टेबलावर, आणखी एक चेकर बसवायचा, नाहीतर लीन पद्धतीने, म्हणजे माल साचू न देता आणि चूक जागच्या जागी पकडून, लाइनचीच घडी बदलायची.

चेकर बसवणं सोपं. कोणाला काही समजवावं लागत नाही, उद्यापासून सुरू. पण तो चूक पकडतो तेव्हा ती कधीच पुढे गेलेली असते. हिशेब करून बघा: बारा ऑपरेशन म्हणजे शिवणाचे बारा टप्पे, वीस-वीस पीसचे बंडल, आणि तिसऱ्या मशीनवर कॉलरचं टोक बिघडलं. पुढच्या नऊ मशीनवर एकेक बंडल धरलं तरी 180 पीस संशयात. बंडल पाचाचं केलं तर 45. कारीगर तेच, मशीन तीच. शिवाय फरशी मोकळी होते, आणि मुंबईच्या भाड्यात ती कमाईच.

दुसऱ्या वाटेत चेकर फिरता असतो. प्रत्येक मशीनवरचे सात पीस बघायचे. सगळे ठीक तर हिरवं कार्ड, एक खराब तर पिवळं, त्याहून जास्त तर लाल. लाल म्हणजे मशीन थांबवून कारण शोधायचं: सुई बोथट, धाग्याचं टेन्शन, की मास्टरने नमुनाच नीट दाखवला नव्हता? हे तत्त्व कापडधंद्यातलंच आहे. साकिची टोयोडांचा 1924 चा माग धागा तुटला की आपोआप थांबायचा. मोटारींच्या कारखान्यात ते नंतर गेलं.

अडतं ते पीसरेटवर, म्हणजे नगावर मिळणाऱ्या मजुरीवर. थांबलेल्या मशीनचे पैसे मिळणार नसतील तर कारीगर लाल कार्ड का मानेल? तो चूक झाकेल, आणि त्याचं चुकलं असं मी म्हणणार नाही. मालकाला मात्र आल्टर फुकट वाटतं, कारण कारीगर ते बिनपैशांनी करून देतो. पण उसवायला लागणाऱ्या वेळात नवा पीस निघत नाही, आणि तलम कापडावर सुईची भोकं राहतात ती वेगळीच. थांबल्या वेळेचे पैसे द्यायची तयारी नसेल, तर फिरत्या चेकरच्या फंदात पडू नका. बंडल तेवढं लहान करा.

एकेक पीस हातोहात पुढे देणारी लाइन लहान गाळ्याला मी सुचवणार नाही. ईदला किंवा छठपूजेला चार कारीगर गावी गेले की ती ठप्प. तिथे एकाला तीन-चार ऑपरेशन यावी लागतात.

शेवटचं टेबल कुठल्याच वाटेने सुटत नाही. खरेदीदार एक्यूएल 2.5 (नमुना तपासून लॉट पास-नापास करायची पातळी) लावतो तेव्हा 1201 ते 3200 पीसच्या लॉटमधून साधारणपणे 125 काढतो; 7 खराब चालतात, 8 ला लॉट नापास.

निर्णयाआधी आठवडाभर आल्टरची वही ठेवा, प्रत्येक पीसपुढे कारण लिहून. टाके सुटले, कॉलर वाकडी अशी कारणं जास्त निघाली तर लहान बंडल आणि फिरता चेकर. शेडचा फरक किंवा होजिअरीत (टी-शर्टसारख्या ताणणाऱ्या कापडात) मापं बिघडलेली जास्त दिसली, तर शिलाईच्या लाइनला हात लावू नका. कटिंगच्या टेबलावर जा: नंबरिंग, म्हणजे एकाच थरातले भाग एकत्र राहावेत म्हणून त्यांवर नंबर टाकणं, होतं का, आणि होजिअरीचा तागा कापण्याआधी उलगडून पडू दिला जातो का, ते बघा.