लेट्युसचं ‘दहा पट उत्पन्न’ मला साडेसहा लाखांना पडलं

हायड्रोपोनिक्सच्या (मातीशिवाय, खत मिसळलेल्या पाण्यावर शेती) बायबॅक स्कीममध्ये, म्हणजे कंपनी सेटअप विकते आणि पिकलेला माल स्वतःच विकत घेऊ म्हणते त्यात, कोणी पैसे घालायच्या विचारात असेल तर जरा थांबा, आधी हे वाचा. कंपनीचं नाव लिहीत नाही, वकील नको म्हणालेत.

आमची शेती नारायणगावजवळ. पुण्यात हॉटेलात सेमिनार झाला, जेवण फुकट, पडद्यावर तक्ता: मातीतला लेट्युस वर्षाला चौरस मीटरमागे 3.9 किलो, हायड्रोपोनिक्सचा 41 किलो, पाणी किलोला 250 लिटरच्या जागी 20. गंमत म्हणजे आकडे खोटे नव्हतेच, तिथेच मी गंडलो. अमेरिकेतल्या ॲरिझोनाचा 2015 चा अभ्यास आहे तो. त्यात अजून एक ओळ आहे ऊर्जेची, मातीत किलोला 1,100 किलोज्यूल आणि हायड्रोपोनिक्सला 90,000, त्यातली बहुतेक हरितगृह गरम-थंड ठेवण्यात जाते. ही ओळ तक्त्यातून गायब! भाच्याने मोबाईलवर शोधून दाखवली तोवर पैसे गेलेले. म्हणजे 41 किलो ते तापमान सांभाळलेल्या हरितगृहातले, आणि मला विकलं काय तर शेडनेट, पाईप आणि एक पंप.

हिवाळ्यातला पहिला माल झकास आला, खोटं कशाला बोलू. मार्चपासून वाट लागली. टाकीतलं पाणी दुपारी 33 डिग्री, रोप उचललं तर पांढऱ्या मुळ्यांच्या जागी तपकिरी बुळबुळीत शेपटी आणि वास असा की हात दोनदा धुवावा लागला. त्यात एकदा डीपी (विजेचा ट्रान्सफॉर्मर) जळाला, पंप चार तास बंद, पाईपमध्ये मुळांना धरून ठेवायला माती नाही की ओल नाही, संध्याकाळपर्यंत सगळ्या माना टाकलेल्या. आणि बोअरच्या पाण्याचा ईसी (पाण्यात विरघळलेल्या क्षारांचं माप) खत टाकायच्या आधीच 1.3 होता, लेट्युसला खतासकट साधारण तेवढाच लागतो, पण पाणी तपासायचं कंपनीला सुचलंच नाही (मलाही नाही म्हणा).

शेजारच्या तात्यांनी नोव्हेंबरात साध्या बेडवर, ड्रिप आणि मल्चिंगवर लेट्युस लावला, थंडीत काढून विकला, उन्हाळ्यात त्या रानात मेथी. त्यांचा डीपी पण तोच, पण पिकाला पत्ताही लागला नाही.

आता बायबॅक. करारात बारीक अक्षरात ‘ए ग्रेड, कडा न करपलेला’ असं होतं. उन्हात कॅल्शियम आतल्या कोवळ्या पानांपर्यंत पोचत नाही आणि कडा करपतातच, म्हणजे उन्हाळ्यात माल रिजेक्ट होणार हे त्यांना आधीच माहीत असणार. दोनदा गाडी आली, तिसऱ्यांदा ‘निघालीये, निघालीये’, मग फोन बंद, ग्रुपवर फक्त ॲडमिनला मेसेज टाकता येतो असं सेटिंग.

कोणी अशी स्कीम घेऊन आलं तर मे महिन्यात चालू असलेला त्यांचा प्लांट बघायला मागा, पाण्यात थर्मामीटर स्वतः बुडवा, त्याच महिन्याचं वीजबिल मागा. मी गेलो होतो बघायला, पण डिसेंबरात.