मुंबई–नागपूर विमानप्रवास: तिकिटावरचा दीड तास आणि घर ते घर लागणारा वेळ

गेल्या पावसाळ्यापासून ठाण्याहून नागपूरला आई-वडिलांकडे जाण्यासाठी मी नियमितपणे विमानाने प्रवास करीत आहे. हे अंतर सुमारे 690 किलोमीटर आणि वेळ दीड तास, असे सर्वत्र सांगितले जाते. दोन्ही आकडे बरोबर आहेत. परंतु केवळ त्यांच्या भरवशावर दिवसभराचे वेळापत्रक आखले, तर ते हमखास कोलमडते.

690 किलोमीटर हे दोन विमानतळांमधील सरळ रेषेतील अंतर आहे आणि विमान त्या रेषेने जात नाही. मुंबईत उड्डाण बहुतेक वेळा पश्चिमेच्या दिशेने होत असल्यामुळे, पूर्वेकडील नागपूरला निघालेले विमान आधी जुहूचा किनारा ओलांडून समुद्रावर जाते आणि मग वळसा घेऊन पूर्वेला लागते. खिडकीजवळ बसल्यास हा वळसा स्पष्ट दिसतो.

तिकिटावरचा दीड तास हा विमान जागेवरून हलल्यापासून मुक्कामी थांबेपर्यंतचा असतो. प्रत्यक्ष हवेत तास-सव्वा तासच जातो. मुंबईच्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदत असल्याने व्यवहारात एका वेळी एकच वापरता येते, म्हणून निघताना रांग लागते आणि परतताना गर्दीच्या वेळी विमानाला आकाशात घिरट्या घालाव्या लागू शकतात. हिवाळ्यात उंचावरील वारे पश्चिमेकडून वाहतात, त्यामुळे त्या दिवसांत जाताना वेळ थोडा वाचतो आणि येताना तितकाच खर्ची पडतो. माझ्या मते परतीच्या दिवशी संध्याकाळी कोणतेही महत्त्वाचे काम ठेवू नये.

खरा वेळ जमिनीवर जातो. ठाण्याहून लोकलने घाटकोपर, तेथून मेट्रोने मरोळ नाका आणि तेथे भुयारी मेट्रो 3 घेतली की पुढचेच स्थानक टर्मिनल 2 चे आहे. पाठीवरची एकच बॅग असेल, तर रस्त्यावरील कोंडीपेक्षा हा मार्ग मला कितीतरी खात्रीचा वाटतो. मोठे सामान घेऊन मात्र सकाळच्या गर्दीत घाटकोपरचा पूल चढणे फार जिकिरीचे आहे. देशांतर्गत उड्डाणासाठी सामान देण्याची खिडकी साधारणपणे एक तास आधी बंद होते, हेही हिशेबात धरावे लागते. नागपूरला सोनेगावचा विमानतळ शहरालगतच असल्याने आम्हांला तेथून घरी पोहोचायला वेळ लागत नाही. तरीही घर ते घर पाच तास धरणेच योग्य.

रेल्वेने हेच अंतर 837 किलोमीटर भरते आणि रात्रीची दुरांतो सुमारे अकरा तास घेते. समृद्धी महामार्ग 701 किलोमीटरचा असून गाडीने साधारण आठ तास लागतात. दिवसाचे कामाचे तास वाचवायचे असतील, तर दुरांतो विमानापेक्षा सरस ठरते, कारण तिचा बहुतेक वेळ झोपेत जातो. अचानक निघावे लागले, तर विमानाला पर्याय नाही.

आई-वडिलांना मुंबईला आणताना मात्र मी विमानच निवडतो. गुडघ्यांचा त्रास असलेल्या माणसाला रात्री डब्यात उठबस करणे अवघड जाते, तर विमानतळावर चाकाची खुर्ची दारापासून थेट विमानापर्यंत मिळते. तिची मागणी तिकीट काढतानाच नोंदवावी.