सहा क्वार्टचा स्लो कुकर, अननस-चिकनच्या कसोटीवर

स्लो कुकर, म्हणजे मंद आचेवर तासन्‌तास शिजवणारं विजेचं भांडं, घ्यावा की नाही, हे मटणाच्या रश्श्यावरून ठरवू नये. मटण, आधी गॅसवर खळखळून उकळलेला राजमा, हाडांचं सूप या गोष्टी त्यात सहसा चांगल्याच होतात. गोड अननस-चिकन मात्र या भांड्याच्या सगळ्या मर्यादा उघड्या पाडतं. चिकन लवकर शिजतं, साखर कडेला करपते, ताज्या अननसात मांसाचा लगदा करणारं एन्झाइम असतं आणि एवढं सगळं सांभाळून रस्सा दाट, चकचकीत हवा असतो. म्हणून हे परीक्षण याच एका पदार्थावर केलं आहे. अमेरिकेतल्या मराठी घरांतही सर्रास दिसणारा ६ क्वार्टचा, म्हणजे सुमारे पावणेसहा लिटरचा, लंबगोल, जड चिनीमातीच्या भांड्याचा आणि लो, हाय, वॉर्म एवढंच फिरवायचं बटण असलेला साधा प्रकार इथे धरला आहे.

आधी या भांड्याचं काम कसं चालतं ते. तापणारी तार तळाशी नसून बाहेरच्या धातूच्या कवचात, भांड्याच्या कडेभोवती असते. लो आणि हाय ही दोन वेगळी तापमानं आहेत असा समज आहे. प्रत्यक्षात दोन्हींवर पदार्थ शेवटी उकळीच्या जवळपासच पोहोचतो, लोवर त्याला दुप्पट वेळ लागतो इतकंच. काचेच्या झाकणावर साचलेली वाफ पुन्हा आत गळते, त्यामुळे पाणी जवळजवळ आटतच नाही. या पदार्थात जे काही बिघडतं, त्यातलं बहुतेक या दोन गोष्टींमुळे बिघडतं.

नवा कुकर आणल्यावर आधी पाण्याची चाचणी करा. भांडं निम्मं पाण्याने भरून झाकण लावून लोवर ८ तास ठेवा आणि झाकण काढल्याबरोबर थर्मामीटर बुडवा. ८५ ते ९३ अंश सेल्सिअस आलं तर कुकर ठीक. त्याच्या वर गेलं तर तुमचा कुकर तापट आहे, पाककृतीतल्या वेळा कमी करा. खाली राहिलं तर त्यात चिकन करू नका, परत करा.

आता चिकन. १२०० ग्रॅम बोनलेस, बिनकातडीच्या मांड्या घ्या, अख्ख्याच ठेवा. छातीचं मांस घेतलं तर अडीच-तीन तासांच्या पुढे त्याचा कोरडा चोथा होतो. मांडीत चरबी आणि चिवट तंतू जास्त, ते हळूहळू विरघळून मांस रसदार राहतं. कातडी ठेवू नका, ती इथे कुरकुरीत होत नाही, रबरासारखी होते. चिकन गोठलेलं असेल तर आदल्या रात्री फ्रीजमध्ये सुटू द्या. गोठलेलं तसंच टाकलं तर ते ४ ते ६० अंशांच्या टप्प्यात फार वेळ रेंगाळतं आणि जंतू नेमके तिथेच वाढतात.

अननस डब्यातलाच हवा, आणि पाकातला नको, रसातला. ५६७ ग्रॅमचा डबा पुरतो. ताज्या अननसातलं ब्रोमेलिन प्रथिनं तोडतं. गॅसवर ते काही मिनिटांत निकामी होतं, पण स्लो कुकर तेवढं तापायला तास-दोन तास घेतो आणि तोवर मांड्यांचा वरचा थर पिठूळ होऊन बसतो. डबा भरताना अननस तापवलेला असतो, म्हणून त्यात ही कटकट नाही. ताजाच वापरायचा असेल तर फोडी चमचाभर साखर घालून गॅसवर ७-८ मिनिटं चांगल्या उकळा आणि शेवटच्या अर्ध्या तासात घाला. भारतात डब्यातल्या अननसाच्या चकत्या बहुधा घट्ट पाकात मिळतात. तो पाक फेकून द्या, चकत्या धुऊन घ्या.

बाकीचं: कमी मिठाचा सोया सॉस ८० मिली, ब्राउन शुगर किंवा किसलेला गूळ ७० ग्रॅम, डब्यातला अननसाचा रस फक्त अर्धा कप, १ मोठा चमचा व्हिनेगर, १ मोठा चमचा किसलेलं आलं, ठेचलेल्या ५-६ लसूण पाकळ्या आणि अर्धा चमचा तिखट. सोया सॉस नेहमीचा असेल तर ५० मिलीवर थांबा. वेगळं मीठ अजिबात घालू नका. पाण्याचा थेंबही नको: एवढं चिकन स्वतःच कपभर किंवा जास्त पाणी सोडतं. बेचव, पातळ रश्श्याची तक्रार बहुतेक वेळा इथून सुरू होते, कारण गॅसवरची पाककृती जशीच्या तशी कुकरमध्ये ओतलेली असते.

मांड्या तळाला, वर मिश्रण, त्यावर अननस, आणि लोवर ४ तास. हायवर सव्वादोन-अडीच तासांत होतं, पण गोड रस्सा कडेला काळा पडून चिकटतो. भांडं निम्मं ते दोन-तृतीयांश भरलेलं हवं. ६ क्वार्टच्या भांड्यात अर्धा किलो चिकन टाकलं तर पातळ थर कडेच्या तारेने वेळेआधीच रटरटतो. दोघांसाठी हाच पदार्थ करणाऱ्यांनी साडेतीन लिटरचं भांडं घ्यावं. मध्येच झाकण उघडू नका, प्रत्येक वेळी २०-३० मिनिटं वाढतात. अपवाद एकच: शेवटच्या ४० मिनिटांसाठी लाल ढोबळी मिरचीचे मोठे तुकडे घाला. आधी घातले तर त्यांचा रंगही जातो आणि करकरीतपणाही. चिकनच्या मध्यभागी ७४ अंश ही सुरक्षिततेची खूण आहे, पण मांड्या ८५ अंशांच्या आसपासच खऱ्या मऊ होतात.

रस्सा कुकरमध्ये दाट करण्याचा नाद सोडा. कॉर्नफ्लोअर सुरुवातीला घातलं तर लांबलेल्या उष्णतेने आणि आंबटपणाने त्याची पकड जाते; शेवटी घातलं तर हायवर अर्धा तास वाट बघा, तरी पिठूळ चव उरते. सगळा रस पसरट कढईत गाळून मोठ्या आचेवर ८-१० मिनिटं आटवा, मग ३ मोठे चमचे थंड पाण्यात कालवलेलं २ मोठे चमचे कॉर्नफ्लोअर घालून मिनिटभर ढवळा. (अमेरिकेत दुकानात कॉर्नस्टार्च मागायचं.) तयार रस्सा चिकनवर ओता.

अमेरिकेत याला ‘हवाईयन’ म्हणतात, पण हवाईतलं प्रसिद्ध हुली-हुली चिकन वेगळं. अर्नेस्ट मॉर्गाडो यांनी १९५५ मध्ये लोकप्रिय केलेलं ते चिकन दोन जाळ्यांमध्ये धरून निखाऱ्यावर उलटसुलट भाजतात. सोया सॉस, ब्राउन शुगर, आलं यांचा मेळ तिथलाच, स्लो कुकरात नसतो तो भाजल्याचा खमंगपणा. तो आणायचा तर शिजलेल्या मांड्या ट्रेवर मांडा, दाट रस्सा फासा आणि ओव्हनच्या वरच्या जाळाखाली ३-४ मिनिटं धरा. ही पायरी सोडू नये असं ठाम मत आहे. तिच्याशिवाय चिकन चांगलं उकडलेलं लागतं, भाजलेलं नाही.

मग उपकरण कसं? शिजवण्यात स्थिर, २०० ते ३०० वॅटच्या आसपास, म्हणजे ४ तासांना युनिटभर वीज. उणीव बटणाची आहे. ते आपोआप बंद होत नाही, आणि सकाळी लावून ९-१० तासांनी परतणाऱ्यांचं हे चिकन दोऱ्या-दोऱ्या होऊन, कडेला करपून मिळेल. पाच-सहा तास बाहेर असणाऱ्यांनी ४ तासांनी स्वतः वॉर्मवर जाणारा टायमरचाच घ्यावा. वॉर्मवर दोन तास चिकन छान टिकतं. घरी कुणी असेल तर झाकण ठेवलेल्या जाड कढईत हाच पदार्थ ४० मिनिटांत आणि जास्त चविष्ट होतो. त्यांनी या एका पदार्थासाठी कुकर घेऊ नये. मल्टिकुकरमधल्या स्लो कुक बटणावरही विसंबू नका: तिथे उष्णता तळातून येते, आणि गोड रस्सा तळाला लागतो.

अमेरिकेतून आणलेला १२० व्होल्टचा कुकर भारतात थेट २३० व्होल्टवर लावला तर साडेतीनपटीहून जास्त वीज खेचून जळतो. किमान ५०० वॅटचा स्टेपडाउन ट्रान्सफॉर्मर लागेल. वारंवार वीज जाणाऱ्या भागात साधं बटण बरं, वीज आल्यावर ते पुन्हा चालू होतं. बरेच डिजिटल कुकर बंदच राहतात. पण तुमच्या माघारी वीज किती वेळ गेली होती हे कळत नसेल, तर ते चिकन खाऊ नका.

तापलेलं चिनीमातीचं भांडं थंड पाण्याखाली धरू नका, गॅसवरही ठेवू नका, तडा जातो. उरलेलं चिकन दोन तासांच्या आत उथळ डब्यात काढून फ्रीजमध्ये ठेवा, ३-४ दिवस चालतं. गरम करायचं ते गॅसवर, कुकरमध्ये नाही.