स्टेज-१ रिमॅप की ट्यूनिंग बॉक्स? सोलापूरच्या उन्हात १.३ डिझेलला काय झेपतं

मारुतीने एप्रिल २०२० पासून डिझेल गाड्या बंद केल्या, पण स्विफ्ट-डिझायरमधलं फियाटचं १२४८ सीसी मल्टिजेट इंजिन एमएच-१३ पासिंगच्या कितीतरी गाड्यांमध्ये आजही रोज धावतंय. पिकअप वाढवायचा विचार मनात येतो तो बहुतेक याच गाडीवाल्यांच्या, म्हणून हा रिव्ह्यू या इंजिनापुरता.

कंपनीचे आकडे ७५ पीएस (पॉवर) आणि १९० न्यूटन-मीटर (टॉर्क, म्हणजे ओढण्याची ताकद). स्टेज-१ रिमॅप म्हणजे एकही पार्ट न बदलता फक्त ईसीयूमधली (इंजिन चालवणाऱ्या कॉम्प्युटरमधली) फाइल बदलायची. त्यानंतर ट्यूनर साधारण ९५ पीएस आणि २३०-२४० न्यूटन-मीटर सांगतात. नेमकं किती वाढलं ते डायनोवरच (पॉवर मोजणाऱ्या यंत्रावरच) कळेल, फरक मात्र रस्त्यावर लगेच जाणवतो. बार्शी रोडला उसाची डबल ट्रॉली ओव्हरटेक करताना चौथ्यावरून तिसरा टाकावा लागत नाही. २००० आरपीएमच्या खालचा आळस थोडा कमी होतो, पण जात नाही, कारण टर्बो (इंजिनात जास्त हवा दाबणारा पंखा) तोच असतो. ॲव्हरेजही पाय हलका ठेवला तरच थोडं सुधारतं. ॲव्हरेजसाठी म्हणून कुणी रिमॅप करू नये.

ट्यूनिंग बॉक्सचं काम वेगळं. डिझेल फवारणाऱ्या इंजेक्टरकडे जाणाऱ्या डिझेलचा दाब, म्हणजे रेल प्रेशर, मोजणाऱ्या सेन्सरच्या वायरिंगमध्ये तो बसतो आणि खऱ्यापेक्षा कमी प्रेशर ईसीयूला दाखवतो. ईसीयूला वाटतं प्रेशर पडलं, म्हणून तो ते वाढवतो. इंजेक्टर तेवढाच वेळ उघडा राहतो, पण डिझेल जास्त पडतं. स्वस्त बॉक्स हवेच्या बाजूला हातच लावत नाहीत. परिणामी काळा धूर, तापलेला टर्बो, आणि हाय प्रेशर पंपावर कायमचा ताण. दहा मिनिटांत काढता येतो एवढीच त्याची जमेची बाजू. आमच्या मते घेऊ नये. ओबीडी पोर्टात (गाडीतल्या स्कॅनर जोडायच्या सॉकेटात) खोचायचे जे छोटे प्लग ऑनलाइन मिळतात, त्यांवर तर रुपयाही घालवू नका. त्यांतल्या बऱ्याच प्लगांत दिवे लुकलुकण्यापलीकडे काही होत नाही.

आता उन्हाचं. मे महिन्यात सोलापूरचा पारा ४२-४३ वर असतो. इंटरकूलर (टर्बोतून आलेली गरम हवा थंड करणारी जाळी) आत जाणारी हवा बाहेरच्या हवेपेक्षा थंड करूच शकत नाही, आणि घाटात वेग कमी असताना तर ती आणखी तापते. गरम हवा विरळ असते. हवा कमी आणि डिझेल तेवढंच, म्हणजे न जळलेला धूर आणि एक्झॉस्टचं वाढलेलं तापमान. टर्बोची टर्बाइन आणि पिस्टनचा माथा इथेच जातो. म्हणून फाइल घेताना पहिला प्रश्न हाच विचारा: धूर रोखणारी मर्यादा शाबूत ठेवली आहे का, आणि हवा किंवा कूलंट तापल्यावर डिझेल कमी करणारे मॅप (फाइलमधले तक्ते) तसेच आहेत का? ते उडवून पॉवर काढली असेल तर पावसाळ्यात झकास वाटणारी गाडी उन्हाळ्यात दगा देते.

याची परीक्षा तुळजापूरच्या घाटात घ्यावी. दुपारची वेळ, चार माणसं, एसी चालू, तिसरा गिअर, आणि ट्यूनर लॅपटॉप घेऊन शेजारी. लॉगमध्ये (लॅपटॉपवरच्या नोंदीत) ईसीयूने मागितलेलं आणि प्रत्यक्ष मिळालेलं रेल प्रेशर, तसंच बूस्ट (टर्बोच्या हवेचा दाब), शेजारी-शेजारी बघा. मिळालेलं सतत मागे पडत असेल तर डिझेल फिल्टर, पंप किंवा इंटरकूलरचा पाइप यांपैकी कुठेतरी दोष आहे. कूलंट नव्वदच्या आसपास राहायला हवं. १०५ च्या वर जायला लागलं की पाय काढा आणि फाइल परत पाठवा. लॉग न घेता नुसती फाइल टाकून पैसे मागणाऱ्याकडे जाऊच नका.

त्याआधी गाडी लायक आहे का ते तपासा. इंजेक्टरची रिटर्न टेस्ट (परत जाणारं डिझेल मोजणं), टर्बोच्या शाफ्टचा प्ले (ढिलेपणा), ईजीआरमधली (एक्झॉस्टचा काही भाग परत इंजिनात सोडणाऱ्या व्हॉल्व्हमधली) काजळी, इंटरकूलरचे होज. क्लचसाठी सोपी युक्ती: चौथ्या गिअरमध्ये २००० आरपीएमवर पूर्ण रेस द्या. आरपीएम चढतोय आणि स्पीड जागच्या जागी, म्हणजे प्लेट संपत आली आहे. वाढलेल्या टॉर्कला ती टिकणार नाही, तेव्हा क्लचचा खर्च आधीच धरा. या इंजिनात टायमिंग चेन आहे आणि ती ऑइलच्या दाबावर ताणलेली राहते. ऑइल वेळेवर न बदललेली गाडी असेल तर चेनचा आवाज ऐकल्याशिवाय पुढे जाऊ नका. रिमॅपनंतर ५W-३० ऑइल दहा हजारांऐवजी साडेसात हजारांवर बदला.

फाइल लिहिताना बॅटरीला स्टेबल सप्लाय लावलेला हवा, एसी-लाइट बंद. मध्येच व्होल्टेज पडलं तर ईसीयू मरतो आणि तो खोलून टेबलावर जिवंत करावा लागतो.

बीएस-६ डिझेलवाल्यांनी दोनदा विचार करावा. सात रस्ता ते नवी पेठ एवढंच फिरणं असेल तर डीपीएफ (एक्झॉस्टमधली काजळी अडवणारा फिल्टर) आधीच नीट साफ होत नाही, त्यात काजळी वाढली की रीजनरेशन (ती जाळून फिल्टर साफ करणं) वारंवार होतं आणि डिझेल ऑइलमध्ये उतरतं. डिपस्टिकवर ऑइलची पातळी वाढलेली दिसली तर हेच समजा. डीपीएफ काढून टाकायचा सल्ला देणाऱ्याला नाही म्हणा. फोक्सवॅगन-स्कोडाच्या १.५ टीएसआय पेट्रोल, डीएसजी ऑटोमॅटिकवाल्यांनी तर थांबावंच: तो कोरड्या क्लचचा गिअरबॉक्स २५० न्यूटन-मीटरपर्यंतचा आणि इंजिन कंपनीतूनच तेवढं देतं.

कायद्याचंही लक्षात असू द्या. २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्याच्या कलम १८२अ मध्ये बेकायदा बदल करणाऱ्या मालकाला प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही आहे. वॉरंटी जाते, आणि विमा कंपनीला न कळवलेला बदल क्लेमच्या वेळी अडचणीत आणतो.

मूळ फाइलची कॉपी पेनड्राइव्हवर घेऊनच पैसे द्या. सर्व्हिस सेंटरने ईसीयू अपडेट केला तर नवा मॅप पुसला जातो. तो पुन्हा टाकून द्यायचे वेगळे पैसे लागणार की नाही, ते पावतीवर लिहून घ्या.