डीव्हीडी-आर, डीव्हीडी प्लस आर की बीडी-आर? कुडाळातला एक पावसाळा काढल्यावर

मे महिन्यात यूएसबीवर चालणारा स्लिम ब्लू-रे रायटर घेतला. आता दिवाळी होऊन गेली. मधे कुडाळचा अख्खा पावसाळा गेला, त्यामुळे आता बोलायला हरकत नाही. आधी निकाल सांगतो: गिऱ्हाइकाच्या हातात द्यायची ती डीव्हीडी-आर, आपल्याकडे जपून ठेवायची ती २५ जीबीची बीडी-आर (एकदाच लिहिता येणारी ब्लू-रे), आणि तीही एचटीएल जातीचीच, म्हणजे अजैविक थराची. सीडी-आर आणि दोन थरांच्या डिस्क मी घेणं बंद केलंय.

माझं काम लग्नं, मुंजी आणि त्रिपुरीनंतर सुरू होणाऱ्या जत्रांमधल्या दशावताराच्या शूटिंगचं. "आता डिस्क कोण घेतं?" असं मुंबईचे चाकरमानी विचारतात. गावातले आजोबा मात्र पेन ड्राइव्ह परत करतात: "माका सीडीच व्हयी. ह्या लावूक आमच्या टीव्हीक भोक खंय आसा?" त्यांच्याकडे जुना प्लेअर असतो, आणि प्लेअर जितका जुना तितकी डीव्हीडी-आर बरी. ती पायोनियरने १९९७ मध्ये आणली, प्लस आर २००२ च्या सुमारास आली. लिहायच्या बाबतीत प्लस आर काकणभर सरसच, पण जुने प्लेअर तिला कधीकधी ओळखच दाखवत नाहीत. त्यावर उपाय म्हणजे लिहिताना बुकटाइप, म्हणजे डिस्क कोणत्या प्रकारची ते प्लेअरला सांगणारी नोंद, डीव्हीडी-रॉम करायचा. काही रायटर ते करू देतात, माझा देत नाही. मग कशाला डोकेफोड? डीव्हीडी-आर, ८एक्स वेग, शेवटी फायनलाइज (लिखाण कायमचं बंद करणं), विषय संपला. फायनलाइज न केलेली डिस्क प्लेअरमध्ये चालेलच असं नाही.

मूळ शूटिंगचं मात्र डीव्हीडीवर भागत नाही. दशावतार मध्यरात्री उभा राहतो आणि उजाडेपर्यंत चालतो. माझा कॅमेरा २४ मेगाबिटने लिहितो, म्हणजे तासाला जवळजवळ ११ जीबी. पाच तासांचा प्रयोग ५४ जीबीवर जातो. ४.७ जीबीच्या डीव्हीडी धरल्या तर बाराची चळत. बीडी-आरच्या तीन होतात आणि त्यातही जागा उरते. ५० जीबीची दोन थरांची घेऊनही दोन लागतातच. शिवाय तिचा एक थर दुसऱ्यातून वाचावा लागतो आणि एक डिस्क फुकट गेली की दुप्पट डेटा जातो.

आता दमटपणाकडे येतो, कारण आमच्याकडे खरी परीक्षा तिथेच. जुनी सीडी-आर ट्यूबलाइटसमोर धरून बघा. माझ्याकडच्या काहींमधून सुईने टोचल्यासारखे उजेडाचे ठिपके दिसतात. सीडीचा चंदेरी थर वरच्या, लेबलच्या बाजूला असतो आणि त्यावर फक्त लॅकरचा पातळ हात. पेनाचं टोक जोरात दाबलं तरी इजा होते, मग खारी दमट हवा कशाला सोडेल? डीव्हीडीत तो थर ०.६ मिलिमीटरच्या दोन चकत्यांच्या मधोमध असतो, म्हणून तिला वरून धोका कमी. तिची दुखरी जागा म्हणजे कड. लिखाण आतून बाहेर जातं, म्हणून जुन्या डीव्हीडी बहुतेक शेवटच्या फायलीवर अडकतात. मी ४.२ जीबीच्या पुढे भरतच नाही, कडेचा पट्टा कोरा सोडतो.

ब्लू-रेमध्ये डेटा खालच्या पृष्ठभागापासून जेमतेम ०.१ मिलिमीटरवर असतो. ऐकून धडकी भरते, पण त्यावर कडक लेप दिलेला असतो आणि रोजच्या हाताळणीत तो चांगला टिकला. खरा फरक लिहिणाऱ्या थरात आहे. सीडी-आर आणि डीव्हीडी-आरमध्ये सेंद्रिय रंगद्रव्य असतं, ते ऊन आणि उष्णतेने उतरतं. एचटीएल बीडी-आरमध्ये धातू-सिलिकॉनसारखा अजैविक थर असतो. स्वस्त पडते म्हणून एलटीएच घेऊ नका, तिच्यात पुन्हा रंगद्रव्यच. पाकिटावर एलटीएच ही तीन अक्षरं छापलेली असतात, दुकानात चष्मा लावून वाचा.

लिहिताना दोन गोष्टी पाळतो. ताज्या बीडी-आरवर सॉफ्टवेअर दोष सांभाळायला राखीव जागा काढू पाहतं. तसं केलं की रायटर लिहिता लिहिता तपासतो आणि वेग निम्म्यावर येतो. मी ते बंद ठेवतो आणि लिहून झाल्यावर पूर्ण व्हेरिफाय करतो. डिस्कवर २० जीबीच भरतो, उरलेल्या जागेत डीव्हीडिझास्टर या सॉफ्टवेअरने दुरुस्तीचा डेटा टाकतो. दुसरं, जुलैमध्ये लाइटीचा भरवसा नसतो आणि अर्धवट लिहिलेली बीडी-आर म्हणजे कचरा. स्लिम रायटर लॅपटॉपच्या बॅटरीवर चालतो, त्यामुळे लाइट गेली तरी बर्न पूर्ण होतो. मोठ्या रायटरपेक्षा हळू आहे, आवाजही करतो, तरी एवढ्या एका गुणासाठी मी हाच पुन्हा घेईन. यूएसबी हबला मात्र लावू नका, वीज कमी पडते.

कागदी पाकिटं दमट होतात, म्हणून डिस्क कडक केसमध्ये आणि केस घट्ट झाकणाच्या डब्यात, सोबत सिलिका जेल. ऑगस्टमध्ये निळे दाणे बघता बघता गुलाबी झाले, वाळवून परत टाकावे लागले. डब्याबाहेर राहिलेल्या एका डीव्हीडीच्या कडेला बुरशीचे पांढरे धागे आले होते. पाणी आणि सौम्य साबणाने धुतली, मऊ फडक्याने मधून कडेकडे पुसली, चालू झाली. गोल गोल पुसायचं नाही. डब्यातल्या सगळ्या बीडी-आरचे हॅश (फायल बदलली की बदलणारा आकडा) ऑक्टोबरात जुळवले, सगळे जुळले. एका पावसाळ्यावरून वीस वर्षांची खात्री कोणी देऊ नये, म्हणून हार्ड डिस्कवरची दुसरी प्रत आहेच.

एम-डिस्क या खास टिकाऊ डिस्कचा दावा हजार वर्षं टिकण्याचा आहे. तपासायला कोण राहणार? घरच्या लग्नाच्या, आजीच्या आवाजाच्या एकदोन डिस्कसाठी घ्या, धंद्याला परवडत नाही. पुसून लिहायची बीडी-आरई मी दर आठवड्याच्या हिशेबाच्या फायलींना वापरतो, तिच्याबद्दल तक्रार नाही. सोनीने फेब्रुवारी २०२५ मध्ये लिहायच्या ब्लू-रे डिस्क बनवणं थांबवलं, तेव्हा चांगल्या एचटीएल डिस्क दिसल्या की मी दोन स्पिंडल जास्तीच्या घेऊन ठेवतो. या जत्रांच्या हंगामापुरत्या आहेत.